जे बरे झाले ते दिसत नाहीत

घरातली एक खोली भाड्याने द्यायची आहे. विचारायला आलेल्या माणसाला स्किझोफ्रेनिया आहे, औषधं चालू आहेत. द्याल? तो शेजारी राहायला आला तर चालेल? ऑफिसात त्याच्याबरोबर काम कराल? आणि घरातल्या मुलीने त्याच्याशीच लग्न करायचं म्हटलं तर? मनोरुग्णांना समाज किती जवळ येऊ देतो हे मोजायला अभ्यासक कित्येक दशकं असे प्रश्न विचारत आले आहेत. शेजाराला बरेच जण हो म्हणतात. लग्नाचा विषय निघाला की बहुतेकांचं घोडं अडतं.

स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी हेच प्रश्न वेगळ्या लोकांपुढे ठेवले. नॉर्ट, रोसलर आणि लाउबर या तिघांचा हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूला १,७३७ सामान्य नागरिक होते. दुसऱ्या बाजूला मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका वगैरे १,०७३ व्यावसायिक होते, म्हणजे ज्यांचा दिवसच मनोरुग्णांमध्ये जातो असे लोक. आजाराची माहिती यांना जास्त, सहवास जास्त, तेव्हा अढीही कमी असणार, असा कुणाचाही अंदाज असेल.

हा अंदाज निम्माच खरा ठरला. रुग्णाचा मतदानाचा हक्क किंवा वाहन चालवण्याचा परवाना काढून घ्यावा, अशा बंधनांना व्यावसायिकांनी सामान्य लोकांच्या तुलनेत एक तृतीयांश वेळाच होकार दिला. हक्कांच्या बाबतीत ते ठामपणे रुग्णाच्या बाजूचे होते. पण खोली, शेजार, लग्न या प्रश्नांवर त्यांची उत्तरं नागरिकांहून वेगळी नव्हती. ‘धोकादायक’, ‘बेभरवशाचा’ अशा ठोकळेबाज कल्पनांमध्ये तर मनोविकारतज्ज्ञ सामान्य लोकांच्याही पुढे निघाले. आणखी एक गंमत झाली, अर्थात तिला गंमत म्हणायचं असेल तर. चाचणीत आजार नसलेल्या एका माणसाचंही वर्णन दिलेलं होतं. दर चार मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञांमागे एकाने त्यालाही आजारी ठरवलं.

मनोविकारतज्ज्ञांना खलनायक ठरवायचं असेल तर एवढी सामग्री पुरेशी आहे, आणि तो खेळ जुनाही आहे. १९७३ साली डेव्हिड रोझेनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. आठ धडधाकट माणसं ‘आवाज ऐकू येतात’ असं खोटं सांगून बारा रुग्णालयांत दाखल झाली, आत गेल्यावर अगदी सामान्य वागली, तरी डॉक्टरांना पत्ता लागला नाही आणि सरासरी १९ दिवसांनी त्यांना घरी सोडलं, अशी ती कथा. पाठ्यपुस्तकांतून ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. सुझॅना कॅहॅलन या पत्रकार महिलेने २०१९ साली पुस्तक लिहून त्या प्रयोगाची कागदपत्रं आणि माणसं धुंडाळली, तेव्हा त्यात इतकी भोकं सापडली की ती कथा आता पुरावा म्हणून वापरू नये हेच बरं. रुग्णालयाचा अनुभव चांगला आला म्हणणाऱ्या एका सहभागी माणसाला रोझेनहानने मोजणीतूनच वगळलं होतं. डॉक्टर पूर्वग्रहाने पाहतात हे सिद्ध करायला निघालेल्या गृहस्थाचा स्वतःचा पूर्वग्रह काही कमी नव्हता.

तेव्हा डॉक्टरांचं मन कसं आहे यापेक्षा त्यांच्यासमोर रोज कोण येऊन बसतं, हे आधी पाहायला हवं.

पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधक दांपत्याने १९८४ साली याचा हिशेब मांडला. त्याला ‘डॉक्टरचा भ्रम’ म्हणतात. कल्पनेतलंच एक रुग्णालय घ्या. वर्षभरात शंभर जण दाखल होतात. नव्वद जण महिनाभरात बरे होऊन घरी जातात आणि दहा जण वर्षभर राहतात. म्हणजे शंभरात नव्वद बरे झाले, निकाल झकास. आता वर्षातल्या कुठल्याही एका सकाळी राउंडला निघालेल्या डॉक्टरला काय दिसेल? महिनाभर राहणाऱ्यांपैकी त्या दिवशी वॉर्डात असतील सात-आठ. वर्षभर राहणारे मात्र दहाच्या दहा हजर. वॉर्डातले निम्म्याहून जास्त रुग्ण ‘बरे न होणारे’. डॉक्टर डोळ्यांनी पाहतो ते खोटं नाही, त्यावरून तो काढतो तो निष्कर्ष खोटा. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्याला वाटतं की गाड्या नेहमीच चुकतात, कारण ज्यांना गाडी मिळाली ते खिडकीशी येतच नाहीत.

ओपीडीतही हेच होतं. पहिल्या झटक्यानंतर सावरलेला तरुण दोन-तीन वर्षं फॉलोअपला येतो, मग नोकरी, बदली, लग्न, आणि केसपेपर रॅकमध्ये खाली खाली जातो. ज्याचा आजार उलटतो तो पुन्हा येतो, पुन्हा पुन्हा येतो. तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या माणसाच्या आठवणीत हे दुसरे चेहरे भरलेले असतात. लोक त्याला अनुभव म्हणतात, आणि तोही म्हणतो.

या अनुभवाला छेद देणारा अभ्यास अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात झाला. १९५०च्या दशकात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले, वर्षानुवर्षं मागच्या वॉर्डांत पडलेले २६९ रुग्ण निवडून त्यांच्यासाठी पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला गेला: राहायला जागा, काम, माणसांशी ओळखी. कोर्टनी हार्डिंग यांच्या तुकडीने सुमारे तीन दशकांनी ही माणसं शोधून काढली. जवळपास सगळी सापडली. १९८७ साली निष्कर्ष छापून आले. निम्मे ते दोन तृतीयांश लोक लक्षणीय सुधारले होते किंवा बरे झाले होते. ज्यांच्याविषयी कुणाला काही आशा उरली नव्हती, ती हीच माणसं. त्या काळी स्किझोफ्रेनिया म्हणजे उतरती कळाच, असं डॉक्टर शिकत आणि शिकवत होते.

भारतातले पुरावेही याच दिशेचे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा मोठा अभ्यास सुरू केला, त्यात आग्रा हे एक केंद्र होतं. आग्रा आणि नायजेरियातलं इबादान इथल्या रुग्णांची पुढच्या काही वर्षांतली प्रगती श्रीमंत देशांतल्या केंद्रांपेक्षा चांगली दिसली. या निष्कर्षावर पुढे बरेच वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. पण ‘हा आता असाच राहणार’ हे वाक्य शास्त्राच्या नावावर खपवता येत नाही, एवढं त्यातून नक्की उरलं.

महाराष्ट्रात हा भ्रम आणखी गडद होतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या रुग्णांपैकी सगळे आजारामुळे राहिलेले नाहीत. लक्षणं आटोक्यात आलेली असतात, डॉक्टर डिस्चार्ज द्यायला तयार असतात, पण न्यायला कुणी येत नाही. दिलेल्या पत्त्यावर पत्र पोचत नाही, किंवा भावाने जमीन नावावर करून घेतलेली असते, किंवा नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो. ठाण्याच्या रुग्णालयात बरी होऊनही बारा वर्षं राहिलेल्या एका महिलेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि त्यातून राज्यातल्या अशा सगळ्याच रुग्णांचा प्रश्न वर आला. या प्रश्नावर जनहित याचिका दाखल करणारे डॉ. हरीश शेट्टी स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे इथे नोंदवायला हवं. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१च्या जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारला खडसावलं होतं. मनोरुग्णालयांतल्या लोकांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार ताबडतोब थांबवा, असा तो आदेश होता.

आता अशा वॉर्डात पहिल्यांदा पाऊल टाकणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मानसोपचाराची पोस्टिंग काही आठवड्यांची. तेवढ्या दिवसांत त्याला रांगेने बसलेली, एकसारख्या कपड्यांतली, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेली माणसं दिसतात. त्यांतला कोण आजारामुळे आहे आणि कोण भावाच्या सातबाऱ्यामुळे, हे बाहेरून कळत नाही. दोघांच्याही केसपेपरवर एकच शब्द असतो: क्रॉनिक. पोस्टिंग संपते, विद्यार्थी मेडिसीनला नाहीतर सर्जरीला जातो, आणि वीस वर्षांनी त्याच्या कॅज्युअल्टीत मनोरुग्णाच्या पोटात दुखायला लागलं की नोंद होते ‘सायक पेशंट’. दुखणं मनाचंच असणार असं धरून तपासण्या राहून जातात. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांच्या तुलनेत दहा ते वीस वर्षं आधी दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतले बरेच मृत्यू हृदयविकार, मधुमेह, संसर्ग अशा शरीराच्या आजारांनी होतात.

मनोविकारतज्ज्ञांकडेही सगळ्या रुग्णांना सारखी वागणूक मिळत नाही. ग्लिन लुइस आणि लुई ॲपलबी या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९८८ साली दाखवून दिलेली गोष्ट या क्षेत्रात अजूनही बोचते. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना एका काल्पनिक रुग्णाची माहिती पाठवली. चौतीस वर्षांचा माणूस, उदास, घरी एकटाच रडतो, डोक्यावर कर्ज, आत्महत्येचे विचार, आणि मला दाखल करून घ्या म्हणतो. काही डॉक्टरांच्या पत्रात एक वाक्य जास्त होतं: दोन वर्षांपूर्वी याला व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान झालं होतं. बाकी सगळं तेच. त्या एका वाक्याने माणूस बदलला. तो लक्ष वेधून घेणारा, डॉक्टरला खेळवणारा, वैताग आणणारा ठरला. आत्महत्येची ओढ त्याच्या स्वतःच्या ताब्यात आहे, असंही मत पडलं. मनोविकारतज्ज्ञांना न आवडणारे रुग्ण, असंच त्या निबंधाच्या शीर्षकात म्हटलेलं होतं.

हेच न आवडणारे रुग्ण मार्शा लिनहॅन यांनी पत्करले. सिॲटलमधल्या या मानसशास्त्रज्ञाने बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारासाठी उपचारपद्धती उभी केली आणि ती जगभर गेली. २०११ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी हार्टफर्डच्या एका मनोरुग्णालयात जमलेल्या लोकांपुढे सांगितलं की १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, आपण इथेच रुग्ण होतो. दोन वर्षांहून जास्त काळ त्या तिथे होत्या. त्यांनी स्वतःला जखमा केल्या, त्यांना एकांत कोठडीत ठेवलं गेलं, विजेचे झटके दिले गेले. व्यवसायात नाव झाल्यानंतरही हे बोलायला त्यांना इतकी वर्षं लागली. के रेडफील्ड जेमिसन या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्राध्यापक. बायपोलर आजारावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक डॉक्टर वापरत होते, आणि तो आजार त्यांना स्वतःलाच होता. १९९५ साली तसं लिहिताना आपला परवाना आणि रुग्णालयातली जागा राहील का, याची धास्ती त्यांना होती.

बर्मिंगहॅम परिसरातल्या मनोविकारतज्ज्ञांना एका पाहणीत सरळ विचारलं गेलं होतं: तुम्हालाच मानसिक आजार झाला तर आधी कुणाला सांगाल? बहुतेकांनी घरच्यांचं किंवा मित्रांचं नाव घेतलं. सहकाऱ्यांचं फार थोड्यांनी. सहकारी कसा विचार करतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

यावर उपाय म्हणून सहसा कार्यशाळा घेतल्या जातात. प्रोजेक्टर, चहा, प्रमाणपत्र. आजार मेंदूतल्या रसायनांचा आहे हे समजलं की दोष देण्याची वृत्ती जाते, असा त्यामागचा भरवसा. पण ही रसायनं मनोविकारतज्ज्ञांना आधीच पाठ आहेत, आणि तरी स्वित्झर्लंडमध्ये जे दिसलं ते दिसलं. सावरलेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने गाठ पडण्याचा परिणाम जास्त होतो, असं २०२२च्या ‘लॅन्सेट’ आयोगाने पुराव्यांची छाननी करून म्हटलं आहे. गोष्ट तशी जुनीच आहे.

वेड्यांच्या साखळ्या तोडल्या त्या फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरने, असं इतिहास सांगतो. पॅरिसमध्ये त्याची चित्रं आहेत, पुतळा आहे. प्रत्यक्षात बिसेत्रच्या रुग्णालयात १७९७ साली लोखंडी साखळ्या काढल्या त्या झाँ-बाप्तिस्त प्युसाँ या देखरेख करणाऱ्या माणसाने. कातडी कमावणारा हा कारागीर त्याच रुग्णालयात गंडमाळेवर उपचार घ्यायला आला होता, बरा झाला आणि तिथेच नोकरीला लागला. सेवक नेमताना तो शक्यतो बरे झालेले रुग्णच घेई, कारण ते मारहाण करत नसत. पिनेलचा मोठेपणा असा की आपण हे प्युसाँकडून शिकलो, असं त्याने लिहून ठेवलं.

अमृतसरला १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी केलं ते याहून धाडसी होतं. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातले हिंदू आणि शीख रुग्ण या बाजूला आणले गेले. मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा ज्या अदलाबदलीवर बेतलेली आहे, तीच ही. जागा अपुरी, माणसं कमी. विद्यासागरांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाच्या घरच्यांनाच सोबत राहायला बोलावलं. संध्याकाळी ते सगळ्यांना एकत्र बसवून बोलत. काल आलेल्या कुटुंबाला आज घरी निघालेलं कुटुंब दिसे. माणूस बरा होतो हे नातेवाइकांना कुणी पटवून द्यावं लागत नसे. आणि डॉक्टरांना व सेवकांनाही रुग्ण एकटा, केसपेपरला चिकटलेला न दिसता कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी जाऊ म्हणून दिसे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये घरच्यांनी सोबत राहणं ही रीतच पडली. महाराष्ट्रातल्या प्रचंड आवारांत मात्र ते तंबू आले नाहीत.

पण येरवड्याच्या आवारात दुसरं काहीतरी घडलं. तिथल्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून, अनिल अवचटांच्या साथीने व्यसनमुक्तीसाठी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. नव्याने दाखल झालेल्याशी बोलणारा माणूस कधीकाळी त्याच खाटेवर घाम फुटून तळमळलेला असतो, त्यामुळे ‘हा सुधारणार नाही’ असं म्हणायची सोयच उरत नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्राने हे सहज स्वीकारलं. स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या माणसाला पगारी नोकरीवर घेणारा मनोरुग्णालयाचा वॉर्ड मात्र आजही अपवादच.

पुण्यातल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’मागची प्रेरणाही वॉर्डाबाहेरून आली. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि पत्नीच्या आजारामुळे या प्रश्नात ओढले गेले. रुग्ण आणि घरची माणसं यांचे स्वमदत गट त्या कामातून उभे राहिले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) हा चित्रपटही वाणींच्याच पुढाकाराने झाला. स्किझोफ्रेनिया म्हणजे नेमकं काय, हे हजारो मराठी घरांना अतुल कुलकर्णींनी त्यात साकारलेल्या शेषमुळे कळलं.

डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. देशात लाख लोकसंख्येमागे एकसुद्धा मनोविकारतज्ज्ञ नाही. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. तेवढ्यात झोप, भूक, आवाज आणि गोळ्या यांची चौकशी होते. नोकरीचं काय झालं, चित्रं काढतोस ना अजून, हे विचारायला फुरसत कुठली? २०१७चा मानसिक आरोग्य काळजी कायदा आला तेव्हा अनेक मनोविकारतज्ज्ञांनी कुरकुर केली, तिचं एक कारण ही टंचाईच होती. भूल न देता विजेचे झटके द्यायला या कायद्याने मनाई केली. त्यावर खेड्यापाड्यांत भूलतज्ज्ञ आणायचे कुठून, हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू नव्हता. पण पुढे आजार उलटला तर माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे रुग्णाने आधीच लिहून ठेवायची तरतूद त्यांतल्या अनेकांना अव्यवहार्य वाटली. रुग्ण आजारी नसताना पूर्ण शहाणा असतो आणि स्वतःच्या आजाराबद्दल त्याला काही कळतं, हे गृहीत धरल्याखेरीज ही तरतूद पटत नाही. तिथे भूलतज्ज्ञांच्या टंचाईचा प्रश्न नव्हता.

कायद्याआधीच गुजरातने एक प्रयोग केला होता. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ हा कार्यक्रम २०१४ ते २०१६ या काळात तिथल्या सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत राबवला गेला, आणि तुलनेसाठी आणखी तीन केंद्रं ठेवली गेली. पुण्यातल्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य केंद्रातले डॉ. सौमित्र पाठारे आणि त्यांचे सहकारी यात पुढे होते. कर्मचाऱ्यांना हक्कांचं प्रशिक्षण दिलं गेलं, सेवांमध्ये सुधारणा झाल्या, आणि रुग्ण व घरच्यांमधून आधार देणारे स्वयंसेवक तयार केले गेले. वर्षभरानंतर मोजणी झाली तेव्हा सेवेचा दर्जा वाढला होता आणि कर्मचाऱ्यांचा रुग्णांकडे पाहण्याचा दृष्टिकोन ठळकपणे सुधारला होता. रुग्णांनाही आपल्या हाती काही आहे असं आधीपेक्षा जास्त वाटत होतं, पण हा फरक त्या मानाने बराच बारीक होता. कर्मचाऱ्यांच्या उत्तरपत्रिकेत जेवढा बदल दिसला, तेवढा खाटेवरच्या माणसापर्यंत पोचला नव्हता.

२०१७च्या कायद्यात एक जागा अशी आहे जिथे डॉक्टर आणि रुग्ण टेबलाच्या उलट्या बाजूंना बसू शकतात. रुग्णाला त्याच्या संमतीविना तीस दिवसांपलीकडे ठेवायचं असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा तशाच अधिकाराची व्यक्ती, सोबत जिल्हा प्रशासनाचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आणखी दोन सदस्य. या दोन जागांवर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती बसू शकतात. म्हणजे रुग्णालयाच्या डॉक्टरने पाठवलेल्या अर्जावर कधीकाळी स्वतः दाखल झालेला माणूस मत देऊ शकतो. मात्र त्याच जागांवर रुग्णांची काळजी घेणारे नातेवाईक किंवा संस्थांचे प्रतिनिधी नेमायचीही मुभा कायद्याने ठेवली आहे. दोन्ही खुर्च्या त्यांनीच भरल्या तरी मंडळ कायदेशीरच राहतं.